विश्लेषण : गारठ्यातली दहा किलोमीटरची शर्यत हौशी धावपटूंना कशी फसवते?

डिसेंबर-जानेवारी हा राज्यातील रस्त्यांवरच्या शर्यतींचा हंगाम. १९८३ पासून सुरू असलेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरात, २००४ पासूनची मुंबई मॅरेथॉन जानेवारीत आणि त्यांच्या आगेमागे लहानमोठ्या शहरांत जवळपास दर रविवारी पाच किंवा दहा किलोमीटरची धाव. या छोट्या शर्यतींत मोठा भरणा असतो तो हौशी मंडळींचा. नोकरी-धंदा सांभाळून, आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे धावणाऱ्यांचा. थंडीत धावणे सोपे जाते, असे ही मंडळी सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण याच सोपेपणात एक फसगत दडलेली असते.

थंडीत धावणे खरेच सोपे असते का?

हो. धावताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा साधारण तीन चतुर्थांश भाग हालचालीत नव्हे तर उष्णतेत जातो. ६० किलो वजनाची व्यक्ती दहा किलोमीटर धावली की सुमारे ६०० कॅलरी खर्च होतात आणि त्यांतल्या ४५०च्या आसपास निव्वळ उष्णता बनून शरीराबाहेर टाकाव्या लागतात. उन्हाळ्यात हे काम करण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, घाम वाहतो, हृदयाला दुहेरी ओझे पडते. थंड हवेत ही उष्णता आपसूक निघून जाते आणि ते रक्त पायांच्या स्नायूंना मिळते.

म्हणूनच लांब अंतराच्या जलद वेळा थंड हवेतच नोंदल्या जातात. इलियुड किपचोगेने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले, तेव्हा आयोजकांनी चांगल्या हवामानाची वाट पाहता यावी म्हणून काही दिवसांची मुभाच ठेवली होती. धाव सुरू झाली तेव्हा पारा नऊ अंशांच्या आसपास होता. पुण्या-नाशिकची जानेवारीतली १० ते १२ अंशांची पहाट धावण्यासाठी जवळपास आदर्शच म्हणायची. मुंबईचे तसे नाही. तिथे जानेवारीतही किमान तापमान १६-१८ अंशांच्या खाली क्वचित जाते आणि हवेत दमटपणा असतो. मुंबईकर धावपटूची थंडी ही बरीचशी कॅलेंडरातली असते.

मग फसगत कुठे होते?

थंडी शरीराचे इशारे झाकते. तहान कमी लागते. घाम येतो, पण कोरड्या हवेत लगेच उडून जातो, त्यामुळे तो गेला हेच कळत नाही. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या मध्यभागी सरकते आणि मूत्रपिंडे जास्त पाणी बाहेर टाकतात. शर्यतीआधी शौचालयांपुढच्या रांगा लांबण्यामागे धाकधूक असते तसा गारठाही असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे श्रम कमी वाटतात. एरवी सात मिनिटांत एक किलोमीटर धावणारा माणूस थंडीत, गर्दीच्या आणि ढोल-ताशाच्या भरात पहिला किलोमीटर सहा मिनिटांत काढतो आणि त्याला त्याचे काही वाटतही नाही. हिशेब चुकता होतो तो सहाव्या-सातव्या किलोमीटरला.

छोट्या शर्यतीत ही अडचण वाढते. पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्याला पहिले चार-पाच किलोमीटर अंग तापवायला मिळतात. पाच किलोमीटरची धाव हौशी माणसाची ३०-३५ मिनिटांत संपते आणि थंड शरीराला लयीत यायलाच दहा मिनिटे लागतात. म्हणजे शर्यतीचा जवळपास एक तृतीयांश भाग तो गारठलेल्या स्नायूंनी आणि तरीही सर्वाधिक वेगाने धावत असतो.

त्यात वेळ अशी की पारा तळाला गेलेला असतो. दिवसातले किमान तापमान सहसा सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. जानेवारीत पुण्याचा सूर्योदय सातच्या थोडा नंतर. शर्यतीचा झेंडा मात्र सहा-साडेसहाला पडतो.

हृदयाला धोका किती?

चाळिशीपुढच्या धावपटूंच्या घरात हा प्रश्न हमखास विचारला जातो. धावपटू शर्यतीत कोसळल्याची बातमी आली की तो अधिक जोरात विचारला जातो.

रक्तवाहिन्या आकसल्या की रक्तदाब वाढतो. त्याच वेळी एकदम जोरात धावायला सुरुवात केली तर हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते. धमन्या निरोगी असतील तर शरीर हे निभावून नेते. धमनीत आधीच अडथळा असेल, आणि तो बहुधा ठाऊक नसतो, तर मागणी आणि पुरवठा यांची तोंडमिळवणी होत नाही. हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण हिवाळ्यात वाढते, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

तरीही धोका आहे तेवढाच मोजलेला बरा. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांचा अभ्यास झाला. हृदय अचानक बंद पडण्याच्या ५९ घटना त्यात आढळल्या, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांमागे एक. त्यांतले ५१ पुरुष होते. मॅरेथॉनमधले प्रमाण अर्धमॅरेथॉनच्या जवळपास चौपट होते. ही आकडेवारी सर्व ऋतूंची आहे आणि दहा किलोमीटरच्या शर्यती तिच्यात नाहीत. पण अंतर वाढते तसा धोका वाढतो, हे तिच्यातून दिसते. आणखी एक बाब त्याच अभ्यासातली : जे वाचले, त्यांच्या बाबतीत जवळच्या माणसाने तातडीने छाती दाबून सीपीआर दिला होता, हा सर्वांत ठळक दुवा निघाला. ५९ पैकी ४२ जण दगावले. आपल्याकडच्या धावपटूंच्या व्हॉट्सॲप गटांत बुटांवर महिनोन् महिने चर्चा रंगतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती कशी दाबायची, हे त्या गटातल्या किती जणांना येते?

छातीत जडपणा, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकणारी कळ, वेगाच्या मानाने फारच वाढलेली धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर थांबायचे. चालत शर्यत पूर्ण करायची नाही. थांबायचे आणि मदत मागायची. यातल्या अनेकांना ही लक्षणे आधीच्या आठवड्यांतही जाणवलेली असतात आणि ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडून दिलेली असतात. चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक ठरते.

वॉर्म-अप म्हणजे नेमके काय करायचे?

मंचावर संगीताच्या तालावर झुंबा चालू असतो, तो बहुतेकदा धावेच्या अर्धा तास आधी संपतो. त्यानंतर लोक रांगेत कुडकुडत उभे राहतात आणि तापलेले अंग पुन्हा थंड होते. त्यापेक्षा झेंडा पडण्याआधीच्या पंधरा मिनिटांत दहा मिनिटे जलद चाल व संथ धाव, मग पाय पुढे-मागे झुलवणे, गुडघे उचलणे, शेवटी १५-२० सेकंदांच्या दोन-तीन जलद धावा एवढे पुरते. पाय ताणून एकाच स्थितीत धरून ठेवण्याचा व्यायाम थंड स्नायूंवर करू नये, तो शर्यतीनंतरचा. गर्दीत जागाच नसेल, तर पहिला किलोमीटर हाच वॉर्म-अप समजून ठरवलेल्या वेगापेक्षा मुद्दाम अर्धा-पाऊण मिनिट सावकाश धावावे. बिबमागे टायमिंग चिप असेल तर वैयक्तिक वेळ बहुधा प्रारंभरेषा ओलांडल्यावरच सुरू होते, त्यामुळे पुढे घुसण्यात काहीच मिळत नाही.

कपडे किती घालावेत?

नवखा धावपटू ओळखायचा असेल तर पाचव्या किलोमीटरला कमरेला बांधलेले जाकीट पाहावे. धावू लागल्यावर हवा साधारण दहा अंशांनी उबदार वाटते, असा ठोकताळा आहे. दहा अंशांच्या पहाटे वीस अंशांना शोभतील असेच कपडे हवेत. प्रारंभरेषेवर थोडी हुडहुडी भरत असेल तर कपडे बरोबर आहेत.

सुती बनियन मात्र टाळावे. सूत घाम धरून ठेवते आणि पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. ओले सुती कापड अंगाला घासून काखेत आणि छातीवर जखमाही करते. तिथे आधीच व्हॅसलीन लावणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. हातमोजे पातळ असावेत, कारण रक्त मध्यभागी सरकले की आधी बोटे बधिर होतात. कानटोपीने ऊब मिळते, पण शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज खोटा आहे. डोक्याचा वाटा त्याच्या आकाराइतकाच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. रांगेत उभे राहण्यापुरता एखादा जुना शर्ट किंवा डोके-हातांपुरती छिद्रे पाडलेली मोठी प्लास्टिकची पिशवी अंगावर असली तरी भागते. धाव सुरू होताना ती रस्त्यात न फेकता सोबतच्या माणसाकडे द्यावी. मागून येणाऱ्याचा पाय तिच्यावरून घसरतो.

थंडीबरोबर पाऊस आणि वारा आला की गणित बदलते. १६ एप्रिल २०१८ची बोस्टन मॅरेथॉन त्याचे ठळक उदाहरण. पारा तीन-चार अंशांवर, मुसळधार पाऊस, समोरून वारा. अनेक नावाजलेले व्यावसायिक धावपटू मध्येच थांबले आणि वैद्यकीय तंबूंत गर्दी उसळली. पुरुषांची शर्यत जिंकली ती जपानच्या युकी कावाउचीने, २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत. तो तेव्हा सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत होता, एका शाळेच्या कार्यालयात काम करायचा आणि नोकरीच्या वेळा सांभाळून सराव करायचा. त्याच वर्षी १ जानेवारीला त्याने बोस्टनजवळच्या मार्शफील्ड गावात गोठवणाऱ्या थंडीत एक मॅरेथॉन धावून घेतली होती.

थंड हवेने फुप्फुसे गोठतात का?

नाही. हवा फुप्फुसांपर्यंत पोहोचेपर्यंत नाक, घसा आणि श्वासनलिका तिला गरम आणि दमट करतात. त्रास होतो तो कोरडेपणाचा. जोरात धावताना तोंडाने श्वास घेतला जातो, श्वासनलिकेचे अस्तर सुकते आणि काहींच्या नलिका आकसतात. छातीत घरघर, धावून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी उठणारा कोरडा खोकला ही त्याची खूण. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी इन्हेलर शर्यतीआधी किती वेळ घ्यायचा, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. पहिले दोन किलोमीटर तोंडावर पातळ कापड घेतले तरी फरक पडतो.

आपल्याकडे थंडीपेक्षा धूर जास्त त्रासदायक ठरतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, ती वर चढत नाही आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, शेकोट्या आणि जाळलेला कचरा हे सारे तिच्याबरोबर खालीच अडकते. धावणारा माणूस बसलेल्यापेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त हवा आत ओढतो, तीही बरीचशी तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी चुकवून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ यंत्रणा हवेचा निर्देशांक सांगतात. निर्देशांक २००च्या पुढे म्हणजे ‘खराब’ श्रेणी. त्या दिवशी वेगाची हौस बाजूला ठेवणे शहाणपणाचे, आणि दमेकऱ्यांनी तर न धावणेच बरे.

शर्यत संपल्यावर काय?

खरा गारठा इथे बाधतो. पाय थांबले की शरीरातली उष्णता तयार होणे एकदम कमी होते, पण अंगावरचा घाम उडतच असतो आणि त्वचेकडे वळलेले रक्त ऊब गमावतच राहते. पदक, सेल्फी, नाश्त्याची रांग यात अर्धा तास जातो आणि ओला टी-शर्ट अंगावरच राहतो. अंतिम रेषेनंतर पाच मिनिटे चालत राहायचे आणि लगेच कोरडा शर्ट चढवायचा, हा क्रम पाळला तर हुडहुडीही टळते आणि एकदम थांबल्याने येणारी चक्करही. त्यासाठी कपड्यांची पिशवी नाश्त्याच्या टेबलाआधी गाठावी लागते. चहा-पोहे पाच मिनिटांनी मिळाले तरी चालतात. पाणीही प्यावे, तहान लागली नसली तरी.

शर्यत कधी सोडावी?

नाक वाहते आहे, घसा खवखवतो आहे, एवढेच असेल तर सावकाश धावता येते. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी जोराचे श्रम जीवघेणे ठरू शकतात. ताप उतरल्यावरही काही दिवस थांबावे लागते. भरलेले शुल्क बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, म्हणून अनेक जण गोळी घेऊन प्रारंभरेषेवर उभे राहतात. गोळीने ताप दिसेनासा होतो, आजार जात नाही.

बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट, घरच्यांचा फोन क्रमांक आणि चालू औषधे लिहिण्यासाठी जागा असते. ती बहुतेकांची कोरीच राहते. आयोजकांची रुग्णवाहिका जवळ दिसत नसेल, तर राज्यात १०८ क्रमांकावर फोन करून ती मागवता येते.