विज्ञान प्रदर्शनांच्या वदंता

हिवाळा आला की तालुक्यातालुक्यात विज्ञान प्रदर्शने भरतात. पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि एलईडी दिव्यांचा खप वाढतो, आणि बक्षिसांविषयीच्या ऐकीव गोष्टींचाही. त्यातल्या काही साफ चुकीच्या आहेत, काही अर्धवट खऱ्या.

मॉडेल जितके झगमगीत, तितके बक्षीस जवळ.

हा समज हवेतून आलेला नाही. गर्दी खरोखरच फेसाळणाऱ्या ज्वालामुखीभोवती जमते, प्रमुख पाहुणे तिथेच थांबतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही त्याचेच येते. पण गुण पाहुणे देत नाहीत, परीक्षक देतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. खऱ्या ज्वालामुखीत असले काही घडत नाही, तिथे वितळलेला खडक आणि त्यात विरघळलेले वायू काम करतात. म्हणजे त्या मॉडेलमधून ज्वालामुखीही कळत नाही. 'यातून तू काय शोधलेस?' या प्रश्नावर मग पाठ केलेली माहितीच उरते.

उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. १९९७ मध्ये आयडाहो फॉल्स येथे १४ वर्षांच्या एका मुलाने आपल्याच शाळेतल्या नववीच्या ५० मुलांना 'डायहायड्रोजन मोनॉक्साइड' या रसायनाची माहिती वाचायला दिली: ते आम्लपावसात असते, त्याने लोखंड गंजते, श्वासनलिकेत गेल्यास जीव जातो. यावर बंदी घालावी का? ४३ जणांनी 'हो' म्हटले, सहा जणांचे काही ठरेना, आणि हे पाणी आहे हे एकट्यालाच ओळखता आले. माहितीतले प्रत्येक वाक्य खरे होते. माणसे किती सहज फसतात, हा त्याचा प्रश्न होता. तिथल्या विज्ञान प्रदर्शनात या प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला. खर्च म्हणाल तर कागदाचा.

गृहीतक चुकले की प्रकल्प बाद.

याचे मूळ शाळेच्या प्रात्यक्षिकात आहे. तिथे उत्तर आधीच ठरलेले असते आणि वाचन त्याच्याजवळ आले नाही तर गुण जातात. त्यामुळे आकडे 'जुळवून' लिहिण्याची सवय लागते, आणि ती प्रदर्शनातही सोबत येते. संगीत ऐकवलेली मेथी जोमाने वाढते, असे दोन कुंड्यांवरून सिद्ध करणारे तक्ते दरवर्षी कुठे ना कुठे दिसतात. एका कुंडीला ऊन जास्त मिळाले असेल, बी सरस असेल. दोन कुंड्यांवरून काहीच ठरत नाही. वीस-वीस कुंड्या घेऊन, पाणी आणि ऊन सारखे ठेवून 'फरक पडला नाही' असे सांगणारा प्रकल्प त्याहून कितीतरी पक्का. जाणता परीक्षक म्हणूनच आधी निरीक्षणांची वही मागतो. खाडाखोड असलेली वही त्याला खटकत नाही, एकटाकी सुबक वही खटकते.

बक्षीस मिळाले म्हणजे शोध सिद्ध झाला.

'बालवैज्ञानिकाने लावला शोध' असा मथळा वाचल्यावर असे वाटणे साहजिक आहे. पण परीक्षक एका टेबलापाशी काही मिनिटे असतो. तो प्रयोग पुन्हा करून पाहत नाही, विचार तपासतो. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या १३ वर्षांच्या मुलाने झाडाच्या फांद्यांसारखी रचना करून सौरपट्ट्या लावल्या. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने त्याला विद्यार्थ्यांसाठीचा पुरस्कार दिला आणि बातमी जगभर गेली. मग जाणकारांनी दाखवून दिले, की त्याने शक्ती मोजलीच नव्हती, जोडणी न केलेल्या पट्ट्यांचे व्होल्टेज मोजले होते. ते ऊन कमी-जास्त झाले तरी फारसे बदलत नाही. त्या वयातल्या कुतूहलाला दिलेला पुरस्कार म्हणून तो गैर नव्हता. सौरऊर्जेत क्रांती झाल्याचे बातम्यांनी परस्पर ठरवले.

'इन्स्पायर'चे १० हजार रुपये म्हणजे बक्षीस.

नावातच 'अवॉर्ड' असल्यावर घरोघरी पेढे वाटले जाणारच. पण केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेतली ही रक्कम पुढच्या कामासाठी आहे: कल्पनेची प्रतिकृती बनवायची आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनात मांडायची. पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात; ते शाळेचे नसतात. योजनेची रचना चाळणीची आहे. देशभरातून एक लाखापर्यंत कल्पना निवडायच्या, त्यांतून १० हजार, मग एक हजार आणि शेवटी ६०. कल्पनेतले नावीन्य आणि लोकांना होणारा उपयोग या कसोट्या पहिल्यापासून लागतात. बाजारातून आणलेले तयार किट इथे का टिकत नाही, हे त्यावरून समजावे.

मोठ्या प्रयोगशाळेत ओळख नसेल तर वर जाता येत नाही.

हे पूर्ण खोटे म्हणता येणार नाही. नववी ते बारावीच्या मुलांसाठी अमेरिकेत भरणाऱ्या 'आयसेफ' या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत केलेले प्रकल्प बरेच असतात. पण मुलाने स्वतः नेमके काय केले, हे त्या प्रयोगशाळेकडून लेखी घ्यावे लागते आणि मुलाखतीत तेच खोदून विचारले जाते. दुसरीकडे १९९३ पासून चालत आलेली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १० ते १७ वयोगटाकडून परिसरातल्याच प्रश्नाचा अभ्यास मागते. गावातल्या विहिरींच्या पातळीची नोंद ठेवायला दोरी, टेप आणि चिकाटी पुरते. शहरातल्या मुलांना सुविधांचा फायदा मिळतो, हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही.

पदक असले की इंजिनिअरिंग-मेडिकलचा प्रवेश सोपा.

जेईई, नीट किंवा सीईटीच्या गुणांत विज्ञान प्रदर्शनाच्या पदकाने एकाचीही भर पडत नाही. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात ते लिहिता येते, पण प्रवेशाची हमी तिथेही नाही.

जिंकणाऱ्याच्या नावाने ग्रह होतो.

ही मात्र ऐकताना थाप वाटणारी आणि बरीचशी खरी असलेली गोष्ट. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने शोधलेल्या लघुग्रहांना २००१ पासून 'आयसेफ'मधल्या वरच्या क्रमांकांच्या विजेत्यांची नावे दिली गेली आहेत. त्यांत भारतीय विद्यार्थीही आहेत. पण हे ग्रह नव्हेत. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान प्रामुख्याने फिरणारे हे लहान खडकाळ गोळे आहेत, आणि नावाबरोबर कसलीही मालकी मिळत नाही. तरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मान्य केलेली ही अधिकृत नावे आहेत. पैसे घेऊन ताऱ्याला नाव दिल्याचे प्रमाणपत्र विकणाऱ्या कंपन्यांचा या यादीशी काही संबंध नाही. संघ नावे विकत नाही.