ओल्या अंजिरांचे खरपूस पक्वान्न

फळांमध्ये अंजिराइतके उतावळे फळ क्वचितच आढळेल. आंबा अढीत घालून पिकविता येतो, केळ्यांचा घड टांगून ठेवता येतो, कच्चा चिकू तांदळाच्या डब्यात दडविला तरी चार दिवसांनी तयार होतो. अंजीर मात्र झाडावरच पिकावे लागते. तोडल्यावर ते मऊ पडते, पण त्याची गोडी वाढत नाही. आणि पिकलेले फळ शीतकपाटातही दोन-तीन दिवसांपलीकडे धड राहत नाही. त्यामुळे हौसेने आणलेल्या डझनभर अंजिरांपैकी निम्मी आवडीने खाल्ली जातात आणि उरलेल्यांना आंबूस वास येऊ लागतो. ती वेळ येण्याआधीच करावयाचा एक सोपा पदार्थ येथे सांगत आहे.

फळांवर पिठाचा तुपाळ चुरा पसरून ती भट्टीत भाजावयाची, एवढाच हा प्रकार. इंग्रज लोक त्याला ‘क्रम्बल’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर आली, तेव्हा हा काटकसरीचा पदार्थ तेथे घरोघरी रुळला. काटकसरीतून जन्मलेले पक्वान्न मराठी स्वयंपाकघरात परके वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडील ओल्या अंजिरांत पुरंदरचे नाव मोठे. सासवड परिसरातील या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पातळ साल, जांभळट तपकिरी रंग आणि आत लालसर गर, ही त्याची ओळख. त्याचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार असतात. उन्हाळ्यात येणारा मीठा बहार अधिक गोड. बाजारात कोठलेही अंजीर घेताना ते बोटाला मऊ लागावे, पण पाझरणारे नसावे. सालीवरील बारीक भेगा हे पक्वतेचे लक्षण आहे. आंबट वास मात्र बिघाडाचे.

आता एका शंकेचे निरसन. ‘अंजिरात किडा असतो’ असे म्हणून अनेक घरांतील वडीलधारी मंडळी या फळाला शिवत नाहीत. या समजुतीचे मूळ उंबरात आहे. उंबर आणि अंजीर ही एकाच कुळातील भावंडे. दोघांचीही फुले फळाच्या आत दडलेली असतात. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, ते यामुळेच. हा वाक्प्रचार शिकविताना मी वर्गात अंजीर उभे कापून दाखवीत आलो आहे; परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना पुस्तकातील स्पष्टीकरणापेक्षा ते अधिक पटते. उंबराच्या परागीभवनासाठी एक सूक्ष्म माशी आत शिरते, हे खरे. परंतु आपल्याकडे प्रामुख्याने लावली जाणारी पुण्याची अंजिराची जात परागीभवनावाचूनच फळ धरते; तिला त्या माशीची गरज नसते. तरीही पिकलेल्या फळाच्या तोंडातून मुंगी शिरू शकते. म्हणून या पदार्थात अंजिरे अख्खी न घालता उभी चिरून, पाहून घ्यावयाची.

साहित्य : पिकलेली ओली अंजिरे 12 (सुमारे अर्धा किलो), अर्ध्या लिंबाचा रस, मध 2 चमचे. चुऱ्यासाठी कणीक 1 वाटी, किसलेला कोरडा गूळ पाव वाटी, थिजलेले साजूक तूप पाव वाटी, बदामाचे काप 8-10 बदामांचे, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, चिमूटभर मीठ.

कृती : अंजिरे ऐन वेळी हलक्या हाताने धुऊन पुसावीत. देठ काढून टाकावेत. देठाच्या चिकाने हाताला खाज सुटते. प्रत्येकाचे दोन भाग करून, चिरलेली बाजू वर ठेवून, तूप लावलेल्या पसरट भांड्यात एका थरात मांडावेत. त्यांवर मध आणि लिंबाचा रस शिंपडावा. अंजिरात आंबटपणा फारच कमी असतो. लिंबावाचून पदार्थ मिळमिळीत लागतो. कणकेत मीठ, गूळ व वेलदोडा मिसळून तूप बोटांच्या टोकांनी चोळावे. जाडसर रव्यासारखा चुरा झाला की थांबावे. मळून गोळा होऊ देऊ नये, नाही तर वरचा थर दडदडीत होतो. चुऱ्यात बदाम मिसळून तो अंजिरांवर दाबल्याविना पसरावा. भट्टी 180 अंश सेल्सिअसवर आधी तापवून 25 ते 30 मिनिटे भाजावे. कडेने रस खदखदू लागला आणि वरचा थर बदामी झाला की तयार.

घरी विजेची भट्टी नसल्यास जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या जाडे मीठ पसरून वर कडे ठेवावे, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि धातूच्या भांड्यात अंजिरे तेवढी आत ठेवावीत. अशा रीतीने वरून आच मिळत नाही व चुरा पांढराच राहतो. म्हणून तो तव्यावर मंद आचेवर वेगळा खरपूस परतून घ्यावा. अंजिरे वीस मिनिटे झाकून शिजली की त्यांवर चुरा पसरून आणखी दहा मिनिटे ठेवावे. इंदूर-ग्वाल्हेरकडील ज्या घरांत बाटी भाजण्याचे गॅसवरील भांडे आहे, त्यांना तेही चालेल. आच मात्र बारीक असावी.

भांडे उतरविल्यावर दहा मिनिटे निवू द्यावे, म्हणजे रस दाटतो. सोबत गार घट्ट बासुंदी किंवा थोडी साखर घातलेला चक्का उत्तम. अंजिराच्या चिकात दूध नासविणारे द्रव्य असते. भाजताना उष्णतेने त्याचा जोर नाहीसा होतो, त्यामुळे बासुंदी निर्धास्तपणे वाढावी. एवढ्यात चार-पाच माणसांचे गोड होते. दातांची तक्रार असलेल्यांसाठी कडेचा रसाळ भाग राखून ठेवावा, आणि ‘किडा असतो’ म्हणणाऱ्या आजींना अंजिरे चिरतानाच शेजारी बसवून घ्यावे.