कारभारी बदलताना : नवा लॅपटॉप आणि नवी कार्यप्रणाली



गावच्या शाळेत नवा लॅपटॉप येतो, त्याला हळदकुंकू लागते, नारळ फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी खरे प्रश्न सुरू होतात. जुन्या संगणकावरचे काम नव्यावर कसे आणायचे? पूर्वीची विंडोजच ठेवायची, की लिनक्स घ्यायची? आणि एवढी पैशांची वस्तू पुष्कळ वर्षे टिकावी यासाठी काय करायचे? आज या तीन प्रश्नांचा विचार करू.

हे प्रश्न आताच पुष्कळांपुढे का आले, तेही पाहा. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली निघाली. तिला नियमितपणे फुकट मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्या दिवशी संगणक काही बंद पडले नाहीत; पण कुंपण मोडले तर ते सांधणारा माणूस गेला, असे झाले. तिच्या पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला निदान चार जीबी स्मृती, चौसष्ट जीबी साठा, ठरावीक नवे प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या यंत्रांत पुष्कळदा ती नसते. म्हणून कोणी नवा लॅपटॉप घेतात, कोणी जुन्यावर लिनक्स बसवतात, तर कोणी दोन्ही करतात.

आता कार्यप्रणाली म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. लॅपटॉप हा वाडा समजा. कार्यप्रणाली हा त्या वाड्याचा कारभारी. कोणत्या खोलीत काय ठेवले आहे हे त्याला ठाऊक. छपाईयंत्राला काम सांगणार तोच, दार उघडणार तोच. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी ती वाढवली. उबुंटू, लिनक्स मिंट ही तिचीच नावाजलेली रूपे. आपल्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली बॉस ही प्रणालीही त्याच घराण्यातली. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत.

कोणी विचारील, 'हे शाळेला झेपेल का?' केरळ राज्याकडे पाहा. तेथे २००१ साली आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळांतून मुले लिनक्सवरच संगणक शिकू लागली. त्या प्रकल्पातून २०१७ साली काइट ही संस्था उभी राहिली, आणि तिने शाळांसाठी लिनक्सचे स्वतःचे रूप तयार केले. तेव्हा झेपते, यात शंका नाही. मात्र तेथे शिक्षकांना आधी शिकवले, मग यंत्रे दिली, हेही विसरू नये.

आता मुख्य गोष्ट. कारभारी बदलायचा असेल, तर शहाणा मालक आधी काय करतो? जुन्याकडून दप्तर ताब्यात घेतो, मगच त्याला निरोप देतो. संगणकातही हाच नियम. यंत्र विकत मिळते, कार्यप्रणाली फुकट मिळते; पण शाळेचे जनरल रजिस्टर, निकालपत्रके, पंधरा वर्षांचे अर्ज-ठराव आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे बाजारात मिळत नाहीत.

म्हणून पहिले काम : सर्व फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. नुसत्या उतरवून थांबू नका. त्यांतल्या दहा-वीस फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. जी नक्कल उघडून पाहिली नाही, ती नक्कल आहे असे धरू नये. महत्त्वाच्या दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर असावी. आग, चोरी आणि गळके छप्पर एकाच वेळी दोन जागी येत नाहीत.

दुसरे काम आपल्या मराठीचे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. जुन्या संगणकावर शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेले कागद असतात. ते नव्या यंत्रावर उघडले की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कोणी म्हणते व्हायरस आला, कोणी म्हणते फाइल बिघडली. यांतले काहीच झालेले नसते. त्या फाइलीत 'क' हे अक्षर मुळात साठवलेलेच नसते. साठवलेले असते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक जुन्या फॉन्टाची मुखवटे चढवण्याची तऱ्हा निराळी.

युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती. युनिकोडात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'क'चा क्रमांक २३२५. तो पुण्यात तोच, गडचिरोलीत तोच आणि लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या संगणकावरही तोच. त्यामुळे युनिकोडातला कागद विंडोजवरून लिनक्सवर किंवा लिनक्सवरून मोबाइलवर नेला, तरी मराठी मराठीच राहते.

तुमचा कागद कोणत्या जातीचा, हे ओळखण्याची सोपी खूण सांगतो. त्यातली एक ओळ निवडा आणि तिला साधा इंग्रजी फॉन्ट द्या. मराठी कायम राहिली तर युनिकोड. खिचडी झाली तर जुना फॉन्ट. जुना असेल तर जुने यंत्र चालू आहे तोवरच तीन गोष्टी करा. एक, त्या कागदाची पीडीएफ प्रत काढा. तीत अक्षरांचे रूप बहुधा कायम राहते, पण उघडून खात्री करा. दोन, त्या फॉन्टाची फाइलही जपून ठेवा. ती लिनक्सवरही बसवता येते. तीन, त्याच फॉन्टासाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडात आणा.

परिवर्तकावर मात्र आंधळा विश्वास नको. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे येथे तो चुकतो. कीर्ती, प्रज्ञा, सूर्यकांत, कृष्णा अशी नावे एकेक करून तपासावी लागतात. एकाने मूळ जनरल रजिस्टरातून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. जुन्या कचेऱ्यांतून रुजुवात घालीत तशी. काम कंटाळवाणे आहे, हे कबूल. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलीचे नाव एका रफाराने चुकले, तर ती चूक दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते, जातीच्या दाखल्यावर जाते, आणि पुढे तिच्या वडिलांना तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात. आपला एक तास त्यांचे अनेक दिवस वाचवतो.

टंकलेखनाविषयी एक शब्द. नव्या यंत्रावर इनस्क्रिप्ट ही पद्धत शिका. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. ती विंडोजमध्ये आहे आणि लिनक्समध्येही आहे. म्हणजे पुढे पुन्हा कारभारी बदलला, तरी बोटांची विद्या वाया जात नाही. टाइपरायटरची सवय असलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसली तरी येथे ती अक्षरानंतर द्यायची असते. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला आडवा अर्धा र हवा असेल, तर नेहमीचा र न घेता खाली नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त द्यावा.

दप्तर हाती आले, आता कारभारी पारखून घेऊ. लिनक्सची ही मोठी सोय आहे की, ती न बसवताही वापरून पाहता येते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवावी आणि त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करावा. 'बसवा' असे आपण सांगेपर्यंत आतल्या डिस्कला तिचा धक्का लागत नाही. ही चाचणी थोडी संथ चालते. तेवढ्यावरून प्रणालीला नावे ठेवू नयेत. आवाज येतो का, वायफाय जोडले जाते का, प्रिंटर छापतो का, प्रोजेक्टरवर चित्र उमटते का, मराठी टंकता येते का, हे सारे तपासा. सरल किंवा यु-डायसची माहिती ब्राउझरमधून भरायची असते, तेव्हा त्या कामाला बहुधा अडचण येत नाही. लेखनासाठी आणि तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस आहे. त्यात जुन्या फाइली उघडतात, पण गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधी थोडी हलते. आणि हिशेबाचे किंवा छपाईचे एखादे खास सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर हट्ट धरू नका. त्या कामासाठी एक यंत्र विंडोजवर ठेवा, नाहीतर एकाच लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रणाली नांदवा.

बसवण्यापूर्वी आणखी एक सावधगिरी. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपची डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद असते. त्या कुलपाची लांबलचक आकडी किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा, आणि परत यायची वेळ आली तर हाताशी असावा म्हणून विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्हही करून ठेवा. बसवताना 'संपूर्ण डिस्क पुसा' असा पर्याय पुढे येईल. तो निवडण्यापूर्वी एकदा थांबा आणि दप्तराची नक्कल उघडून पाहिली होती का, हे स्वतःला विचारा. चार्जर जोडलेला असू द्या. नंतर नव्या दुरुस्त्या आल्या की बसू द्या, आणि सॉफ्टवेअर प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्या.

आता वाड्याची निगा. लॅपटॉपचा पहिला शत्रू उष्णता. त्याची बॅटरी लिथियम-आयनची असते. ज्यांच्या संशोधनातून ती घडली त्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी काठोकाठ भरलेल्या अवस्थेत तापत राहिली की लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण रिकामी होऊन पडून राहिली तरी तिचे नुकसान होते. दिवसभर चार्जर लावून काम असेल, तर पुष्कळ लॅपटॉपांत ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती चालू करा. मे महिन्याच्या सुट्टीत यंत्र कपाटात ठेवताना निम्मे चार्ज करून, पूर्ण बंद करून ठेवा. ते कपाट पत्र्याच्या छपराखालच्या तापलेल्या खोलीत नसावे. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत तर लॅपटॉप कधीच ठेवू नये.

बॅटरी फुगली तर टचपॅड वर उचलला जातो, झाकण नीट बसत नाही. अशा वेळी चार्जर काढा, यंत्र बंद करा आणि जाणकाराकडे न्या. फुगलेली बॅटरी दाबणे किंवा टोचणे म्हणजे आगीशी खेळ आहे.

दुसरा शत्रू धूळ. शाळेत खडूची भुकटी, घरी गादीचा कापूस. गादीवर किंवा मांडीवरच्या गोधडीवर लॅपटॉप ठेवला की वाऱ्याची भोके बुजतात आणि पंखा धापा टाकतो. लाकडी टेबल उत्तम. यंत्र बंद करून मऊ कुंचल्याने भोके अधूनमधून झाडावीत. पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. झाकण लावण्यापूर्वी कळांवर पेन्सिल किंवा खडूचा तुकडा राहिला नाही ना, ते पाहावे. एवढ्याने पडदा तडकतो.

तिसरा शत्रू वीज. गावात दाब वरखाली होतो, वीज जाते आणि झटक्याने परत येते. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट वापरा, आणि झटका अडवणारा चांगला स्पाइक गार्ड मध्ये ठेवा. वळवाचा पाऊस गडगडू लागला की प्लग काढून ठेवा.

चौथा शत्रू चहा. सांडलाच तर आधी चार्जर काढा, यंत्र लगेच बंद करा, उपडे धरून निथळू द्या आणि कारागिराकडे न्या. 'चालते का पाहू' म्हणून पुन्हा सुरू करू नका, उन्हातही वाळत घालू नका.

श्रोतेहो, या साऱ्यांत अवघड असे काही नाही. क्रम तेवढा सांभाळायचा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, तशी प्रणाली पुसल्यावर दप्तराची नक्कल शोधू नये. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दोघा शिक्षकांनी बसावे, जुना संगणक उघडावा, आणि जनरल रजिस्टराच्या फाइलीतली एक ओळ निवडून तिचा फॉन्ट बदलून पाहावा. काय दिसते त्यावरून पुढचे किती काम आहे ते कळेल, आणि कारभारी केव्हा बदलायचा तेही ठरवता येईल.