स्वस्तात रीळ घेताय? आधी ड्रॅग बघा

मंडळी, हिडकलच्या पाण्यावर आपली पोरं आता रॉडला रीळ लावून बसतात. दुकानात गेलं की डब्यावरचा 'बारा बेअरिंग' वाचून पैसे मोजतात. आम्हीही तसंच एक घेतलं होतं. मोठा कटला लागला, ड्रॅग अडकत-अडकत सुटला आणि दोरी तटकन तुटली. मासा गेला, पैसेही पाण्यात.

बेअरिंगचा आकडा सोडा, चार-पाच चांगली असली तरी पुरे. ड्रॅग अर्धा आवळून स्पूल हाताने फिरवा. एकसारखं सुटलं पाहिजे. झटके देत असेल तर परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. हँडल उलटं फिरवलं की जागच्या जागी अडायला हवं. हातात खुळखुळतंय का तेही बघा. स्पूल शक्यतो अ‍ॅल्युमिनियमचं.

मरळ, रोहू, चिलापीला २५०० किंवा ३००० नंबर बस्स. मोठ्या कटल्यामागे जाणार असाल तर ४०००. रिळावर थोडे कमी घाला, पण दोरी चांगली घ्या. आणि घरी आलात की ड्रॅग ढिला करून ठेवा, नाहीतर आतले वॉशर दबून बसतात.