पिंजरा लावला, पुढे काय?

कोल्हापूरहून हुपरीच्या रस्त्याला लागले की शहराची वस्ती संपते न संपते तोच गडमुडशिंगीचे शिवार सुरू होते. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची बाजारपेठ आणि मधल्या जागेत घरांच्या परसापर्यंत येऊन टेकलेला ऊस. सुरू असो वा आडसाली, वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे हे पीक माणसाच्या दृष्टीने शेत असते. बिबट्याच्या दृष्टीने मात्र ते पाणी, सावली आणि आडोसा असलेले दाट रान असते. अशा शिवारात बिबट्या दिसल्याची नुसती वार्ता उठली, तरी गावोगाव मागणी एकच होते: वनखात्याने ताबडतोब पिंजरा लावावा. पिंजरा येतो, आत शेळी बांधली जाते, एखादे जनावर अडकते आणि प्रश्न सुटला असे मानून गाव झोपी जाते. वास्तविक प्रश्नाचा आरंभ तेथूनच होतो.

हिंस्र पशूंचा बंदोबस्त हे सरकारी काम म्हणून आपल्याकडे नवे नाही. इंग्रजी अमदानीत ते बक्षिसाच्या रकमेवर चाले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसापायी मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. अमेरिकेने १९३१ साली कायदा करून या कामासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र यंत्रणाच उभी केली. पगारी तज्ज्ञांनी दरवर्षी हजारो कायोटी मारले. तरीही तो कोल्हेवजा प्राणी नष्ट होण्याऐवजी खंडभर पसरला. मारलेल्या जनावरांच्या संख्येवरून बंदोबस्ताचे यश मोजता येत नाही, हा धडा त्या देशाने पुष्कळ किंमत मोजून घेतला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कामाचे स्वरूप पालटले. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आला. कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे मानवी जीविताला धोकादायक ठरलेल्या जनावराला ठार करण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. परंतु त्याला पकडणे, बेशुद्ध करणे अथवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी त्यांची आधी खात्री पटली पाहिजे. बंदूक अखेरची ठरली आणि पिंजरा पहिला. मात्र पकडलेले जनावर न्यावयाचे कोठे, याचे सोपे उत्तर कोणत्याच कायद्यात नव्हते.

जुन्नरचा धडा

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसराने या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने दिले. धरणे झाली, कालवे आले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला आणि त्या उसात बिबट्याच्या माद्या पिले घालू लागल्या. २००१ ते २००३ या काळात हल्ले वाढले, तेव्हा लोकांच्या संतापापुढे शंभराहून अधिक बिबटे पकडण्यात आले आणि त्यांपैकी अनेक दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. या मोहिमेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. ती सुरू झाल्यावर हा आकडा १७ वर गेला. जेथे जनावरे सोडली, त्या जंगलांलगतही हल्ले होऊ लागले.

याचे कारण बिबट्याच्या स्वभावात आहे. प्रत्येक प्रौढ बिबट्याची हद्द ठरलेली असते. त्या हद्दीत बिऱ्हाड करून राहिलेला जाणता नर बहुधा माणसाला टाळून जगतो आणि दुसऱ्या नरांना शिरू देत नाही. तो उचलला की जागा रिकामी होते आणि एखादे तरणे, अननुभवी जनावर तेथे येते. इकडे उचललेला बिबट्या अनोळखी मुलखात भांबावून परतीची वाट शोधतो. २००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. ‘आजोबा’ या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेला हा बिबट्या लोहमार्ग, महामार्ग आणि वस्त्या ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. पुढे २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

बिबट्या जंगल सोडून चुकून गावात येतो, ही समजूतही आता टिकत नाही. अकोले तालुक्यातील पाहणीत, जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि जंगल जवळजवळ नाही, तेथे शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि तितकीच तरसे आढळली. त्या बिबट्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. गावाबाहेर टाकलेला उकिरडा कुत्री पोसतो आणि कुत्री बिबट्या पोसतात. म्हणजे ज्याच्या बंदोबस्ताची आपण मागणी करतो, त्याच्या अन्नाची तरतूद आपणच करीत असतो.

वनरक्षकाच्या खांद्यावर

प्रत्यक्ष काम ज्याच्यावर पडते, त्या वनरक्षकाची अवस्था मात्र बिकट असते. ठसे पाहून जनावर ओळखावयाचे, मेलेल्या शेळीचा पंचनामा करावयाचा, उसात सापडलेली पिले रात्री त्याच जागी टोपल्याखाली ठेवून आई त्यांना घेऊन जाईपर्यंत दुरून पहारा करावयाचा, ही त्याची कामे. बिबट्या घरात किंवा गोठ्यात कोंडला गेला तर पशुवैद्याला बोलावून भुलीचे औषध द्यावे लागते. त्यासाठी वजनाचा अंदाज नजरेने बांधावा लागतो आणि सुई लागल्यानंतरही औषधाचा अंमल चढण्यास काही मिनिटे जातात. नेमक्या त्याच मिनिटांत भोवती जमलेली गर्दी आरडाओरडा करते, दगड मारते, छपरावर चढून छायाचित्रे घेते. चवताळलेल्या जनावराला भूल चढत नाही आणि अशा वेळी जखमी होतो तो बहुधा खात्याचा माणूस. केंद्र सरकारने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत गर्दी आवरण्यावर आणि जनावर उगाच न पकडण्यावर भर दिला आहे, तो यासाठीच.

याचा अर्थ लोकांची भीती खोटी आहे असा नाही. ज्या आईचे मूल अंगणातून उचलले गेले, तिला बिबट्याच्या हद्दीचे शास्त्र सांगणे हा क्रूरपणा आहे. मृताच्या वारसांस २५ लाख रुपये देण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली केला. परंतु रक्कम हे उत्तर नव्हे. माणसावर वारंवार हल्ले करणारे जनावर ओळखून ते तातडीने हटवणे, प्रसंगी ठार करणे, हे शासनाचे कर्तव्यच आहे. प्रश्न एवढाच, की ते जनावर नेमके तेच आहे याची खात्री करण्याचे कौशल्य आणि मनुष्यबळ आपण खात्याला दिले आहे काय? पहिल्या पिंजऱ्यात जो सापडेल तो गुन्हेगार, हा न्याय खऱ्या गुन्हेगाराला मोकळा सोडतो.

शिवाय मरतात कोण, हेही पाहिले पाहिजे. बळी पडतात ती प्रामुख्याने लहान मुले, वाकून गवत कापणाऱ्या बाया, फडाच्या कडेला कोप्यांत निजणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबे आणि रात्रीची वीज आली म्हणून अंधारात पाणी पाजायला जाणारा शेतकरी. शेतीपंपांना दिवसा वीज, कोपीभोवती उजेड, बंदिस्त गोठा, घराजवळ शौचालय आणि उकिरड्याची विल्हेवाट, यांतील एकही गोष्ट वनखात्याच्या हातात नाही. ती वीज कंपनीच्या, साखर कारखान्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या हातात आहे. तरीही जाब विचारला जातो तो एकट्या वनरक्षकाला.

एके काळी कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार होत असे. ज्या दाजीपूरच्या रानात छत्रपतींची शिकार चाले, तेथेच १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. शिकारीपासून रक्षणापर्यंतची वाट या जिल्ह्याने एका पिढीत चालून दाखवली. आता त्यापुढची, अधिक अवघड वाट आहे ती अभयारण्याच्या सीमेबाहेरची, उसाच्या फडातली. तेथे प्रत्येक गावाला पिंजरा देणे सोपे आहे. प्रत्येक परिक्षेत्राला शिकवून तयार केलेले पथक, जवळ उपलब्ध असणारा पशुवैद्य आणि शाळेत जाऊन मुलांना चार गोष्टी समजावणारा वनरक्षक देणे कठीण आहे. मते पिंजऱ्याने मिळतील. मुलांचे जीव मात्र दुसऱ्या गोष्टीनेच वाचतील.