तापाची गोळी आणि स्निग्ध निरोप्या
पावसाळ्यात डहाणू-तलासरीत ताप आला की हात प्रथम वेदनाशामक गोळीकडे जातो. ती अडवते काय? चरबी म्हणजे शरीराची नुसती शिल्लक, असा आपला (निदान माझा तरी) समज. परंतु प्रतिकारपेशी आपल्या आवरणातील स्निग्धाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन नावाचा निरोप्या घडवतात. तो मेंदूकरवी ताप चढवतो. टी-पेशीच्या ग्राहीला चिकटून आत सायक्लिक एएमपी वाढवतो व तिचा आवेश आवरतो. ॲस्पिरिन त्याची निर्मितीच रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. मात्र रक्त गोठण्यास साहाय्य करणारा थ्रॉम्बॉक्सेन हा त्याचा भाऊबंदही त्याच गोळीने थांबतो. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घटतात. तेव्हा ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत योग्य मात्रेत पॅरासिटामॉल बरे. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद न करता ताप येताच डॉक्टरांना विचारावे.