चार भोकं आणि आप्पांचा जिग

अमेरिकेत ज्यांची मुलं कब स्काउटमध्ये आहेत, त्यांना पाइनवुड डर्बी नवी नाही. मुलाला एक खोका मिळतो. त्यात ७ इंच लांब आणि १¾ इंच रुंद असा पाइनचा ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि ॲक्सल म्हणून चार खिळे. त्यातून गाडी करायची, वजन ५ औंसांच्या, म्हणजे साधारण १४२ ग्रॅमच्या आत ठेवायचं आणि उतारावरून सोडायची. तीनेक सेकंदांत शर्यत संपते. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी यांनी ही शर्यत सुरू केली. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा सोपबॉक्स डर्बीत बसून चालवायच्या गाडीसाठी लहान पडत होता, म्हणून हातात मावणारी गाडी.

गेल्या वर्षी आमची गाडी शेवटून दुसरी आली. ठोकळ्यातल्या आयत्या खाचा नीट काटकोनात नव्हत्या, म्हणून मी गॅरेजमध्ये हँड ड्रिलने स्वतः भोकं पाडली होती. ट्रॅकच्या मधल्या पट्टीला गाडी घासत खाली आली. मुलगा काही बोलला नाही. परतताना त्याने गाडी मांडीवर उलटी धरली होती.

यंदा नाताळच्या सुट्टीत बेळगावला निघालो तेव्हा त्याने नवा ठोकळा स्वतःच्या बॅगेत ठेवला. "आज्जाकडे मशीन आहे ना?"

आप्पा मूळचे निपाणीचे. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यापेक्षा लोखंड बरं, म्हणून तरुणपणी बेळगावला आले आणि पुढे उद्यमबागेत छोटी शेड घेतली. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. मी बीई झालो तो शेड सांभाळायला, असं सगळे धरून चालले होते. मी सॉफ्टवेअरला गेलो. आप्पांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. आता गुडघ्यांमुळे ते शेड देऊन टाकणार होते.

जुनी गाडी त्यांनी गुण्याला लावून बघितली. "भोक एक अंशाने वाकडं आहे."

"एकच अंश ना, आप्पा?"

"तू इंजिनियर. हिशेब कर की."

केला. ड्रिल २२ मिलिमीटर आत जाईपर्यंत टोक जवळजवळ ०.४ मिलिमीटर सरकतं. गाडी एक अंश तिरकी धावली, तर १० मीटरांत तिला १७ सेंटिमीटर बाजूला जायचं असतं. मधली पट्टी तिला अडवते आणि त्या घासण्यात वेग जातो.

दोष पाइनचाही आहे. त्याच्या वर्षांच्या वलयांत एक पट्टा मऊ, एक कडक. बारीक ड्रिल कडक पट्ट्याला टेकलं की मऊकडे घसरतं. आप्पांचं म्हणणं, हात कितीही स्थिर असला तरी लाकूड त्याला फसवतं, म्हणून हातावर काही सोडायचंच नाही.

आधी ठोकळ्याचा तळ. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून मुलाने तो घासला. सगळी मापं त्याच बाजूपासून. आकार नंतर द्यायचा, भोकं आधी. कारण एकदा गाडी गोलसर झाली की टेकवायला सरळ बाजूच उरत नाही.

मग आप्पांनी जिग केला. ठोकळा सरकून घट्ट बसेल असा लोखंडी यू, एका टोकाला अडणी. दोन्ही भिंतींत तळापासून ४ मिलिमीटरवर भोकं, मिलिंगवर एकाच सेटिंगमध्ये आरपार, म्हणजे समोरासमोरची भोकं एका रेषेत. त्यांत कडक केलेले बुश. खिळा कॅलिपरने मोजला, ड्रिल २.२ मिलिमीटरचं निघालं.

"आप्पा, भोकं तुम्हीच पाडा," मी म्हटलं. "परत चुकायला नको."

"मग जिग कशाला केला?" ते म्हणाले आणि नातवाला स्टुलावर उभं केलं. गॉगल घातला. ड्रिलचा दांडा त्याच्या हातात, आप्पांचे दोन्ही हात पाठीमागे. एका बाजूने अर्ध्यापर्यंत, मग ठोकळा जिगसकट उलटवून दुसऱ्या बाजूने. दर दोन-तीन मिलिमीटरला ड्रिल वर काढून भुसा झाडायचा, नाहीतर तो आत दाटून ड्रिलला ढकलतो.

शेवटी २ मिलिमीटरची सरळ तार एका बाजूने घातली. दुसरीकडून ती अलगद बाहेर आली. मुलगा ओरडला. आप्पांनी तार काढून माझ्या हातात दिली, "तू पण बघ." मी बघितली. मी आठवीत असताना त्यांनी मला असंच काहीतरी दाखवायला शेडवर बोलवलं होतं. मी क्लास आहे असं सांगितलं होतं.

फेब्रुवारीत गाडी सरळ गेली. आम्ही पाचवे आलो. त्या रात्री आप्पांना व्हिडिओ पाठवला, तर त्यांनी क्रमांक विचारलाच नाही. "पट्टीला घासली काय?" एवढंच.

मार्चमध्ये शेड दिली, मशीनं गेली. जिग आमच्याकडे आहे. पुढच्या डर्बीसाठी मंडळातल्या तीन घरांनी तो मागितलाय. नेताना एकच अट: दांडा मुलानेच ओढायचा.